विश्वासार्हता सिद्धान्त (विमागणित)

विश्वासार्हता सिद्धान्त ही विमागणितातील एक अंदाजपद्धती आहे. लहान गटाचा स्वतःचा अनुभव आणि तो ज्या मोठ्या समूहात मोडतो त्या समूहाचा अनुभव यांची भारित सरासरी काढून गटाची भावी जोखीम तीत ठरवली जाते.

सूत्र

अंदाज = वि × गटाची सरासरी + (१ − वि) × समूहाची सरासरी

येथे ‘वि’ हा ० ते १ दरम्यानचा विश्वासार्हता गुणांक असून वि = न ÷ (न + क). ‘न’ म्हणजे उपलब्ध वर्षे. ‘क’ म्हणजे एकाच गटातील वार्षिक चढउताराचे प्रचरण भागिले निरनिराळ्या गटांच्या खऱ्या सरासऱ्यांमधील प्रचरण. वार्षिक चढउतार मोठा असल्यास गुणांक घटतो. गटागटांतील फरक मोठा असल्यास वाढतो.

इतिहास

अमेरिकेतील कामगार नुकसानभरपाई विम्यासाठी अल्बर्ट मोब्रे (१९१४) व अल्बर्ट व्हिटनी (१९१८) यांनी या सिद्धान्ताचा पाया घातला. स्विस गणितज्ञ हान्स ब्यूलमान यांनी १९६७ मध्ये त्याला आधुनिक रूप दिले. गटांच्या असमान आकाराचा विचार करणारे ब्यूलमान–स्ट्राउब प्रारूप १९७० मध्ये आले.

पीक विम्यातील उदाहरण

पुण्यातील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पीक विम्यासाठी वैयक्तिक शेताऐवजी क्षेत्र हे एकक सुचवले. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हे एकक सामान्यतः महसूल मंडळ असते. वडगाव मावळ हे मुख्यालय असलेल्या मावळ तालुक्यात भात हे प्रमुख पीक आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडे तळेगाव दाभाडेपर्यंत पाऊस झपाट्याने कमी होतो. त्यामुळे तालुक्याची एकच सरासरी मंडळांमधील फरक झाकते. मात्र एका मंडळाची मोजकी वर्षे एखाद्या वाईट हंगामाने विपर्यस्त होतात.

समजा, तालुक्याचे सरासरी नुकसान विमा संरक्षित रकमेच्या ६ टक्के, एका मंडळाचे ५ वर्षांतील नुकसान १२ टक्के आणि क = १० आहे. तेव्हा वि = ५ ÷ १५ = १/३ आणि अंदाज ८ टक्के येतो. (आकडे काल्पनिक आहेत.) केवळ ६ टक्के धरल्यास विमा हप्ता अपुरा पडेल, १२ टक्के धरल्यास तो बहुधा अवाजवी ठरेल.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेतील उंबरठा उत्पादन मात्र या सूत्राने ठरत नाही. मागील ७ वर्षांपैकी सर्वोत्तम ५ वर्षांच्या सरासरी उत्पादनाला जोखीमस्तराने गुणून ते काढतात. योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरीप अन्नधान्यासाठी कमाल २ टक्के असल्याने विमागणिती हप्त्यातील उर्वरित भार शासकीय अनुदानावर पडतो.

मर्यादा

‘क’ची किंमतही आकडेवारीवरूनच काढावी लागते, त्यामुळे पीक कापणी प्रयोगांतील चुका अंदाजात उतरतात. पर्जन्यमान बदलत असल्यास जुनी वर्षे भविष्याची निदर्शक राहत नाहीत. तसेच मंडळाचा अंदाज अचूक असला, तरी मंडळातील एकट्या शेताचे नुकसान त्यात दिसेलच असे नाही.