कुलूप आहे का?

नाशिक रोड स्टेशनच्या क्लोकरूममध्ये खिडकीपलीकडच्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुलूप आहे का?’ नमस्कार नाही, कुठून आलात नाही. माणूस गडबडतो. ‘चेन लावलीय की, ताई.’ चेन चालत नाही. चेन तर पेनच्या टोकानेही उघडते.

आमचे हे रेल्वेत होते. ते गेल्यावर अनुकंपेवर मला नोकरी लागली. आधी मी पार्सलला होते, मग इथे आले. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘सून बॅगा सांभाळते, बसून काम आहे.’ लष्करातल्या जवानाची लोखंडी ट्रंक एकदा मांडणीवर चढवून बघा म्हणावं, कसलं बसून!

‘क्लोक’ म्हणजे साहेबाचा अंगावर घ्यायचा झगा. तो उतरवून ठेवायची खोली ती क्लोकरूम. आमच्याकडे झगा कोणी आणत नाही, पण नाव राहिलं. उत्तरेकडून येणारे यात्रेकरू ‘अमानती घर’ म्हणतात, आणि मला तेच जास्त पटतं. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, जी आपली नाही हे कायम ध्यानात ठेवायचं.

कुलपाचा आग्रह प्रवाशासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तो माझ्यासाठी आहे. उघडी बॅग घेतली आणि संध्याकाळी प्रवासी म्हणाला, ‘आत दोन हजार होते,’ तर मी काय सांगणार? कुलूप असलं की आत काय आहे ते मला माहीत नसतं, माहीत असायची गरजही नसते. मी कुलूपबंद बॅग घेतली, कुलूपबंद परत दिली. संपलं.

दुसरा प्रश्न तिकिटाचा. प्रवासाचं तिकीट असेल तरच सामान ठेवता येतं, नाहीतर बाजारपेठेतले व्यापारी आमचं गोदाम करून टाकतील. हिशेब चोवीस तासांचा, पावतीवरच्या वेळेपासून. इथे रोज एक तरी भांडण होतं. ‘काल दुपारी ठेवली, आज दुपारी नेतोय, मग दोन दिवसांचे पैसे का?’ कारण काल दोन वाजले होते आणि आता तीन वाजलेत. पुढच्या दिवसांना दर वाढत जातो, तोही मुद्दामच. लोकांनी बॅग विसरून निवांत राहू नये म्हणून. जास्तीत जास्त एक महिना. त्यानंतर सामान बेवारस ठरतं, हरवलेल्या मालाच्या ऑफिसात जातं आणि शेवटी लिलावात.

स्फोटक, ज्वालाग्राही काही चालत नाही, हे लोकांना पटतं. खायचं चालत नाही म्हटलं की मात्र राग येतो. आमच्या नाशिकात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षांचा हंगाम. जो तो घरी न्यायला पेटी घेतो आणि गाडीला सहा तास असले की ती माझ्यापुढे ठेवतो. ‘द्राक्षं काय खाणारेत का तुमच्या भिंती?’ भिंती नाही हो, उंदीर. घुशीही. एका पेटीपायी रात्रीत शेजारच्या चार बॅगा कुरतडल्या जातात.

हे गाव तीर्थाचं, म्हणून सामानही तसलं. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला आलेले तीन दिवसांसाठी बॅगा टाकून जातात. २०१५च्या सिंहस्थात २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर अशी तीन शाही स्नानं नाशिकला झाली. अशा वेळी यात्रा कंपन्या आपल्या सगळ्या प्रवाशांना एकसारखी बॅग देतात, तशा चाळीस बॅगा एकदम आल्या की डोकं फिरतं. प्रत्येकीला चिठ्ठी बांधायची, वर खडूनेही नंबर घालायचा, कारण चिठ्ठ्या तुटतात.

अशा गर्दीत चेहरे लक्षात ठेवायचे नाहीत, हे मला पार्सलमधल्या जुन्या बाबूंनी शिकवलं होतं. चेहरा ओळखीचा वाटला की हात आपोआप बॅगेकडे जातो, आणि तिथेच फसगत होते. पावती बघायची. १९८९च्या रेल्वे कायद्यात कलम १०० आहे, त्यात पावतीचं मोल स्पष्ट आहे. रेल्वेच्या माणसाने सामान नोंदवून पावती दिली असेल, तरच ते हरवल्याची जबाबदारी सामान वाहणाऱ्या रेल्वेवर येते. बाबू म्हणायचे, ‘सामान मांडणीवर नसतंच, ते पावतीवर असतं.’

पावती हरवली तर? ओळखपत्र दाखवा, आत काय काय आहे ते सांगा, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्या. एका बाईंची पावती गोदावरीत भिजून लगदा झाली. आत काय आहे विचारल्यावर त्यांनी साड्या रंगांसकट सांगितल्या, मग थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘तुम्ही जरा तिकडे जा बघू.’ नवरा गेल्यावर हळूच म्हणाल्या, ‘तळाशी तपकिरीची डबी आहे.’ होती.

आता मोठ्या स्टेशनांवर डिजिटल लॉकर येताहेत. मोबाइलवर पैसे भरा, कप्पा उघडा. चांगलं आहे. माझी कंबर दुवा देईल.

एक रात्र मात्र सांगायची आहे. एकच्या सुमाराला जळगावकडचा एक माणूस आला, पस्तिशीचा असेल. हातात कापडी पिशवी. मी विचारलं, ‘कुलूप आहे का?’ तो म्हणाला, ‘वडील आहेत.’

मला आधी कळलंच नाही. पिशवीत मडकं होतं, वर पांढरं फडकं बांधलेलं. अस्थी सोडायचं रामकुंड इथून आठ-दहा किलोमीटर. गुरुजी सकाळी भेटणार होते, आणि अस्थी घेऊन कोणी लॉजवर खोली देईना. घरीसुद्धा अस्थी आत नेत नाहीत, झाडाला टांगून ठेवतात, हे त्यालाही ठाऊक होतं. रात्रभर बाकावर बसायची त्याची तयारी होती, फक्त झोप लागेल आणि कोणी पिशवी उचलेल, ही भीती.

आमच्या नियमांच्या बोर्डावर अस्थींबद्दल काही लिहिलेलं नाही. खायचं नाही, स्फोटक नाही. उरलं कुलूप. स्टेशनबाहेरच्या टपरीवरून त्याने एक छोटं पितळी कुलूप आणि चेनची बॅग आणली. मडकं बॅगेत ठेवलं, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मी पावती फाडली. ‘वस्तू’च्या रकान्यात ‘बॅग १’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

बॅग जमिनीवर ठेववेना. खिडकीच्या वर मोठा खिळा आहे, त्याला टांगली. पाळीतला माझा जोडीदार काही बोलला नाही, फक्त डबा उचलून बाहेर बाकावर जाऊन जेवला.

पाचला तो माणूस पावती घेऊन आला आणि बॅग घेऊन गेला. मला वाटलं, संपलं. अकराच्या सुमाराला डोक्याचा गोटा करून, ओल्या धोतराची पिशवी घेऊन पुन्हा खिडकीशी. माझी पाळी संपून गेली होती, पण बदलीवाली आली नाही म्हणून मी अजून तिथेच होते. त्याने कुलूप आणि किल्ली पुढे सरकवली.

‘ताई, हे घरी नेववत नाही. टाकवतही नाही.’

तेव्हापासून ते माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. कोणी विद्यार्थी परीक्षेला येतो, कोणी म्हातारी एकटीच येते, बॅगेला कुलूप नसतं आणि बाहेरून आणायला वेळ नसतो. मग मी ते उसनं देते. कुठून आलं, ते सांगत नाही. आतापर्यंत दर वेळी परत आलंय.