तिघांची तीन वेळापत्रकं

टर्मिनलवर एक ओळ टाइप करून दोघांचं काम क्षणात एकत्र करणाऱ्या आजच्या प्रोग्रामरांपैकी फार थोड्यांना डिक ग्रून हे नाव ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९८४ सालचा जुलै. ॲमस्टरडॅममधल्या एका विद्यापीठात शिकवणारे ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांसोबत सी भाषेचा कंपायलर लिहायला बसले. एक विद्यार्थी नऊ ते पाच या वेळात नेमाने काम करणारा, दुसऱ्याच्या येण्याजाण्याला धरबंध नाही, आणि खुद्द ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या, तेव्हा प्रचलित असलेल्या आरसीएस या साधनाची रीत अशी, की फाइल बदलायची तर आधी तिच्यावर लॉक लावायचं. लॉक लावणारा घरी गेला, की बाकीच्यांनी वाट पाहायची. तिघांची गाठच पडत नसेल तर असं काम पुढे सरकणार कसं?

ग्रून यांनी आरसीएसच्याच आधाराने काही शेल स्क्रिप्ट लिहिल्या. ज्याने त्याने आपल्या प्रतीत हवे ते बदल करावेत, जमेल तेव्हा ते कमिट करावेत, म्हणजे सामायिक साठ्यात नोंदवावेत. एकत्र करायचं ते नंतर. या स्क्रिप्टचं पहिलं नाव होतं ‘सीएमटी’. १९८६ मध्ये त्यांनी या स्क्रिप्ट जगासाठी खुल्या केल्या, १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते काम सी भाषेत नव्याने उभं केलं, आणि सीव्हीएस या नावाने ते घरोघरी पोचलं.

यातली खरी करामत या एकत्र करण्याची, म्हणजे मर्जची. समजा, एक ओळ माझ्या फाइलमध्ये आहे, तुमच्या फाइलमध्ये नाही. मी ती नवी घातली, की तुम्ही जुनी काढून टाकली? दोनच फाइली समोर ठेवल्या तर याचं उत्तर ब्रह्मदेवालाही देता येणार नाही. म्हणून दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ फाइल तिसरी म्हणून बाजूला ठेवायची. ओळ मुळातच होती, तर ती तुम्ही काढलीत. नव्हती, तर मी घातली. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल, तर मात्र यंत्र निवाडा करत नाही. खुणांच्या ओळी आखून दोन्ही मजकूर फाइलमध्ये तसेच ठेवतं आणि थांबतं. नवख्यांना हा कॉन्फ्लिक्ट म्हणजे संकट वाटतो. मला तो त्या साधनाचा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

धोका असतो तो यंत्र गप्प राहतं तेव्हा. एकाने फंक्शनला नवा आर्ग्युमेंट जोडला आणि दुसऱ्याने भलत्याच फाइलमध्ये तेच फंक्शन जुन्या पद्धतीने वापरलं, तर मर्ज बिनबोभाट होतो आणि प्रोग्राम मोडतो. सहकाऱ्यांशी बोलण्याला सीव्हीएस हा पर्याय नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट बजावलं होतं.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे याच कामाचं नवं साधन लिहायला घेतलं. जूनमध्ये त्यांनी एक अफलातून मर्ज केला. पॉल मॅकेरस यांचं ‘गिट-के’ हे गिटमधल्या बदलांचा इतिहास रेखाटून दाखवणारं साधन पूर्णपणे स्वतंत्र जन्मलेलं. त्याचा आणि गिटचा समान पूर्वजच नव्हता. टोरवाल्ड्स यांनी गिट-केचा स्वतःचा अख्खा इतिहास जसाच्या तसा गिटमध्ये आणला आणि आजवरचा सर्वांत भारी मर्ज म्हणून जाहीर केला. त्यांचा तो आनंद अगदी रास्त होता. प्रत्येक जुना कमिट मॅकेरस यांच्याच नावावर राहिला, आणि त्यांनी आपलं काम वेगळं चालू ठेवलं, तरी पुढेही ते पुन्हा मर्ज करता येणार होतं.

गिटमध्ये अनेक शाखा एकदम जोडणाऱ्या मर्जला ‘ऑक्टोपस’ म्हणतात. २०१४ च्या जानेवारीत लिनक्स कर्नलसाठी असा एक मर्ज आला, त्याला तब्बल ६६ पालक, म्हणजे एकत्र आलेल्या शाखा! हा ऑक्टोपस नव्हे, लव्हक्राफ्टच्या भयकथांमधला अक्राळविक्राळ कथुलू आहे, असं टोरवाल्ड्स यांनी बजावलं. पण मर्ज परत पाठवला नाही. आधीच घेऊन टाकला होता.