केळ्यांचा खटला

आमचे मामा दिवाणी कोर्टात वकिली करीत. दावा जिंकलेला पक्षकार पेढे घेऊन आला की ते म्हणत, "हुकूमनामा मिळाला, ठीक, आता वसुलीचे बघा!" केळ्यांच्या खटल्याची हकीगत वाचताना मला मामांची सारखी आठवण होत होती.

होय, केळ्यांचा खटला! आपण सत्यनारायणाच्या प्रसादात घालतो त्या फळावरून जगात जवळजवळ वीस वर्षे तंटा चालला. १९९३ साली युरोपीय राष्ट्रांनी ठरवले की, आफ्रिकेतील व कॅरिबियन बेटांवरील आपल्या जुन्या वसाहतींची केळी सवलतीने घ्यायची. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या केळ्यांना मात्र जकात आणि कोटा. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी इक्वेडोर, ग्वातेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका यांनी जिनीव्हात फिर्याद गुदरली. अमेरिकेत केळी फारशी पिकत नाहीत. पण तिच्या कंपन्या ती विकतात ना!

१९९७ साली युरोप हरला. पण निकाल नीट अमलात येईना. जिनीव्हात बेलिफ नाही. तिथला रिवाज असा की, वादीनेच प्रतिवादीच्या मालावर जकात चढवून उट्टे काढावे. १९९९ साली अमेरिकेला वर्षाला १९.१४ कोटी डॉलरपर्यंत तशी मुभा मिळाली. शंभर टक्के जकात बसली ती कशावर? हातपिशव्या, पलंगपोस, कॉफीची यंत्रे! सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

२००० साली इक्वेडोरलाही २०.१६ कोटींची मुभा मिळाली. त्याने ती वापरलीच नाही. लहान देशाने जकात चढवली, तर महागाई सोसायची त्याच्याच गिऱ्हाइकाने!

दुसरी बाजूही ऐका. डोमिनिका, सेंट लुशिया या बेटांवर डोंगरउतारावर चिमुकल्या बागा करणारे शेतकरी. मोठ्या मळ्यांच्या स्वस्त केळ्यांपुढे त्यांचा निभाव लागेना. अनेकांनी बागा सोडल्या. न्याय झाला, पण त्यांचा संसार मोडला.

अखेर डिसेंबर २००९ मध्ये समेट झाला. टनामागे १७६ युरोंची जकात टप्प्याटप्प्याने ११४ वर आणण्याचे ठरले, आणि २०१२ साली खटला निकाली निघाला.

पुढे अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या आणि डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकणारे मंडळच ठप्प झाले. मग असले कोर्ट हवे कशाला? मला वाटते, हवेच. ते नसते तर इक्वेडोरला युरोपसमोर उभे कोणी केले असते? वसूल न झालेले हुकूमनामेही मामा पेटीत जपून ठेवीत. म्हणत, "असू दे. कागदावर का होईना, खरे कोणाचे ते लिहिलेले आहे."