नवशिक्या हातांचे पहिले झबले



शिवण शिकू पाहणाऱ्या भगिनी पुष्कळदा ब्लाउजला हात घालतात आणि टक्स व बाह्यांपाशी अडून कापड कपाटात ठेवून देतात. त्यापेक्षा तान्ह्या बाळाचे झबले घ्यावे. त्याच्या बाह्या अंगातूनच निघतात, आणि यंत्र नसले तरी ते हाताने होते.

सोपे असले, तरी हे झबले दगडावर आपटून धुतले जाणार आहे, आणि थंडीत बाळासह चुलीच्या उबेला असणार आहे. म्हणून नायलॉनची लेस नको. ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते. बटण तुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकते, म्हणून तेही नको. शोभेची झबली बहुधा पेटीतच राहतात, असे माझे मत आहे.

मऊ सुती कापड घ्या, 36 इंच पन्ह्याचे 1 मीटर. त्यात दोन झबली आणि गळ्याच्या पट्ट्या निघतात. नवे सुती कापड आटते, म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. घाई बहुतेक इथेच होते, आणि पहिल्या धुण्यानंतर झबले तोकडे होते.

किनारीला समांतर 26 इंच लांब आणि 16 इंच रुंद तुकडा कापा. लांबी निम्मी होईल अशी आडवी घडी घाला; ती घडी म्हणजे खांदा. मग रुंदी निम्मी करणारी उभी घडी घाला. आता 13 बाय 8 इंचांचा चार पदरी तुकडा झाला. दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यात गळा येतो: खांद्यावर पावणेदोन इंच, उभ्या घडीवर अर्धा इंच. बाहीच्या टोकाला वरून 4 इंचांवर, आणि खालच्या कडेला उभ्या घडीपासून साडेपाच इंचांवर खूण करा. एका खुणेपासून आडवी, दुसरीपासून उभी रेघ काढा. त्या काखेत मिळतात तिथे कोपरा न ठेवता गोलाई द्या आणि चारही पदर एकदम कापा. मग उभी घडी उघडून फक्त वरच्या पदराचा गळा दीड इंच खोल करा आणि तोच पदर मधोमध खालपर्यंत कापा. झबले पुढून उघडे असले की बाळाला पालथे करावे लागत नाही, आणि बंदाची गाठ पाठीला रुतत नाही.

आता शिवण. यापो गावच्या दुर्कसने विधवांसाठी शिवलेले अंगरखे मंडळीत सर्वांना ठाऊक आहेत. ते आतून कसे होते हे मात्र कोणी लिहिले नाही. झबल्यात आतली बाजूच महत्त्वाची. सुट्या दोऱ्याचा फास बाळाच्या बोटाला बसू शकतो, आणि बाळ रडते का ते चटकन कळत नाही. म्हणून कडा दडवणारी दुहेरी शिवण घाला. कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून बाहीपासून खालपर्यंत कडेपासून पाव इंचावर धावदोरा घाला. कड थोडी छाटा, काखेत टाक्याला न लागता दोन-तीन छेद द्या. झबले उलटवून, ती कड आत घेऊन पुन्हा पाव इंचावर शिवा. या वेळी उलटी टीप घाला: प्रत्येक टाक्याला सुई जरा मागे नेऊन पुढे काढायची. धुताना ओढ बसली तरी ही टीप सहसा उसवत नाही.

पुढच्या कडा, बाह्या आणि घेर दोनदा दुमडून हेम करा. गळ्याला 1 इंच रुंदीची उरेब पट्टी लावा. ती तिरपी कापलेली असल्याने गोलाईवर चुण्या न पडता बसते. पट्टी लागल्यास जोडून 20 इंचांची करा, म्हणजे दोन्ही टोके बंद म्हणून उरतील. छातीवर आणखी एक जोडी लावा. बंद याहून लांब नकोत, ते गळ्याभोवती गुंतू शकतात.

शेवटी झबले उलटे करून आतून गालावर फिरवा. जिथे टोचेल तिथली गाठ पुन्हा घाला, सुटे दोरे कापा. आणि सुरुवातीला घेतल्या तेवढ्याच टाचण्या डबीत परत आल्या का, ते मोजून पाहा.