खाट रिकामी दिसली की…

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळलं. किमान आठ कामगार दगावले. ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेल्यांना भरती करायचं की नाही, असा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. अशा रुग्णासाठी वॉर्ड भरलेला असला तरी जागा केली जाते.

प्रश्न उद्भवतो रोवणीच्या दिवसांत. दिवसभर बांधीत वाकून धान रोवलेली बाई रात्री तापाने फणफणलेली येते. दोन उलट्या झालेल्या, नाडी जलद, रक्तदाब जेमतेम. सलाईन लावून रात्रभर ठेवावं, की गोळ्या देऊन 'सकाळी परत दाखवा' म्हणावं? दोन्हींपैकी काहीही केलं तरी डॉक्टरला कुणी चूक म्हणणार नाही. मग वॉर्डात खाट रिकामी आहे का, ही गोष्ट नकळत निर्णयात शिरते.

मिल्टन रोमर या अमेरिकी संशोधकाने १९५९च्या सुमारास हे दाखवून दिलं होतं: खाटा वाढवल्या की त्या भरतात. पुढे जॉन वेनबर्ग यांनी बोस्टन आणि न्यू हेवन या दोन शहरांची तुलना केली. दोन्हीकडे नामांकित वैद्यकीय महाविद्यालयं, पण माणशी खाटा बोस्टनमध्ये बऱ्याच जास्त. खुब्याचं हाड मोडलेले किंवा हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण भरती होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. फरक पडला तो न्यूमोनिया, जुलाब-उलट्या, पाठदुखी यांसारख्या आजारांत. १९९४च्या अभ्यासात बोस्टनकर पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण ६४ टक्के जास्त निघालं. मृत्युदरात मात्र फरक नव्हता.

हे वाचून 'खाटा कमी करा' म्हणणाऱ्याला भंडाऱ्यात कुणी उभं करणार नाही, आणि तेच बरोबर आहे. बोस्टनची सुबत्ता आपल्याकडे नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हजार लोकांमागे दोन खाटांचं लक्ष्य ठेवलं, ते गाठायचंच आहे. शिवाय आपल्या सरकारी दवाखान्यात खाट नाही म्हणून माणसाला सहसा परत पाठवत नाहीत. गादी जमिनीवर टाकतात, नाहीतर नागपूरला 'मेडिकल'मध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रेफर करतात, किंवा कालच्या रुग्णाला एक दिवस आधी सुट्टी देतात. टंचाई आत येणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणाऱ्यांच्या आकड्यात जास्त दिसते.

आणि रिकामी खाट म्हणजे वाया गेलेली खाट नव्हे. १९९९मध्ये ब्रिटनमधल्या एका संगणकीय प्रतिमानाने दाखवलं, की सरासरी ८५ टक्क्यांवर खाटा व्यापल्या की तातडीच्या रुग्णाला जागा न मिळण्याचा धोका जाणवू लागतो. नव्वदी ओलांडली की अशी वेळ वारंवार येते. रुग्ण काही सरासरी पाहून येत नाहीत.

तेव्हा खाटा किती हव्यात हे ठरवताना गेल्या वर्षीचे भरतीचे आकडे पुढे ठेवणं फसवं आहे. ते आकडे खाटांनीच घडवलेले असतात. त्यापेक्षा साप चावलेले, हाड मोडलेले, भाजलेले किती आले ते मोजावं, आणि तापाच्या रुग्णांचा हिशेब वेगळा मांडावा.