औषध चालू असताना उचकी लागल्यास

सभासद बंधूंनो, उसाच्या फडात उंदीर फार. त्यांचे मूत्र चिखलात, साचलेल्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोचा जंतू अंगात शिरतो. १९३४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ऊसतोड कामगारांत हाच ताप पसरला. आधी फड पेटवून उंदीर हुसकावेत, मगच तोडणी करू, या मागणीसाठी त्यांनी पुढच्याच वर्षी संप केला. (पाचट जाळा असे आम्ही म्हणत नाही, गैरसमज नसावा!)

या तापावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल देतात. ती घेताना क्वचित कोणाला उचकी लागते. घरचे म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय. आठवण कसली, बऱ्याचदा कॅप्सूलच अन्ननलिकेत अडकलेली असते! बस्ता बांधायला संभाजीनगरला गुलमंडीत आलेला माणूस चहाच्या घोटाबरोबर कॅप्सूल गिळतो आणि परतीच्या एस.टी.त मान टाकून झोपतो. कॅप्सूल मधेच चिकटून विरघळते, आतले अस्तर भाजल्यासारखे होते. तेथील नसा चाळवल्या की छाती-पोटामधला पडदा आचके देऊ लागतो, प्रत्येक आचक्याला घशातले दार फटकन मिटते, तीच उचकी. अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांतही अशी उचकी आढळली आहे.

म्हणून कॅप्सूल बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. ॲसिडिटीचे पांढरे औषध तिच्यासोबत पिऊ नये, त्याने कॅप्सूलचा गुण कमी होतो.

घरगुती उपायांत आपली साखरही आहे बरं का. चमचाभर कोरडी साखर गिळल्याने २० पैकी १९ रुग्णांची उचकी थांबल्याचे १९७१ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. मधुमेहवाल्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

उचकीला वैतागून औषध मनानेच बंद करणे सर्वांत वाईट. लेप्टो अर्धवट राहिला तर मूत्रपिंडावर जातो, आणि मूत्रपिंड बिघडले तरी उचकी लागते. म्हणजे दोष गोळीचा की आजाराचा, हे घरी बसून कळायचे नाही. डॉक्टरांना सांगितले तर ते औषध बदलून देऊ शकतात. दोन दिवस उचकी थांबली नाही तर दाखवावेच. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले तर दोन दिवसही थांबू नये. थेट घाटी दवाखाना गाठावा आणि चालू गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.