गांजा, भांग आणि घरमालकाची जबाबदारी

लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पण पायथ्याच्या लोहगडवाडीला पर्यटकांची गर्दी त्याआधीपासूनच परिचयाची आहे. मळवली स्थानकावर उतरून भाजे गावावरून वर येणाऱ्यांना घरगुती जेवण आणि मुक्कामाला खोली देणे, हा येथील शेतीचा जोडधंदा होय. अशा मुक्कामी पाहुण्यांच्या पिशवीत गांजाची पुडी निघाली, तर गुन्हा कोणावर दाखल होईल? पाहुण्यावरच, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायदा मात्र तेवढ्यावर थांबत नाही.

'एनडीपीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा १९८५ चा अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आहे. त्याच्या २५ व्या कलमानुसार घर, खोली, आवार, मोकळी जागा किंवा वाहन यांचा मालक अथवा ताबेदार या कायद्याखालील गुन्ह्यासाठी आपली जागा जाणूनबुजून वापरू देत असेल, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यालाही होऊ शकते. अंगणात तंबू ठोकू देणारा आणि जीप भाड्याने देणारा, दोघेही यात येतात. 'जाणूनबुजून' हा शब्द घरमालकाचा आधार खरा. पण कलम ३५ मुळे तो पुरता भक्कम राहत नाही. मूळ घटना पुराव्याने शाबीत झाल्यावर न्यायालय आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरते आणि तो नव्हता हे आरोपीला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. पाहुण्यांची ओळखपत्रे पाहून नोंदवही नीट ठेवणे आणि प्रकार लक्षात येताच पोलिसांना कळवणे, याचे मोल अशा वेळी कळते. सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे मार्च २००७ मध्ये रेव्ह पार्टीवर छापा घालून पोलिसांनी अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले होते. गडाच्या पायथ्याची जागा शहरी पार्टीला कशी उपयोगी पडते, हे त्या प्रकरणातून पुणे जिल्ह्याने पाहिले आहे.

ग्रामपंचायतीवरील जबाबदारी याहून कमी परिचित आहे. आपल्या जमिनीत कोणी गांजाची बेकायदा लागवड केल्याचे ठाऊक असूनही माहिती न देणारा जमीनधारक कलम ४६ नुसार शिक्षेस पात्र ठरतो. कलम ४७ तर सरपंच, पंच आणि गावकामगारांचा थेट उल्लेख करते. माहिती मिळूनही ते गप्प बसले, तर तोही गुन्हाच. मुंबई-पुण्याच्या मालकांनी घेऊन कुंपण घातलेल्या जमिनी मावळात थोड्या नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे गांभीर्य कळते.

गांजा म्हणजे नेमके काय, याची कायद्यातील व्याख्या झाडाच्या अवयवांवर बेतली आहे. झाडाची राळ म्हणजे चरस, तर फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. जप्त मालाचे वजन करताना पाने, काड्या, बिया वेगळ्या काढल्या होत्या का, हा मुद्दा म्हणूनच न्यायालयात निर्णायक ठरू शकतो. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना तो विचारात घेतला. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' ठरतो व त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वीस किलोपासून पुढे 'व्यापारी प्रमाण'. तेथे किमान शिक्षाच दहा वर्षांची असून जामीनही अत्यंत कठीण होतो. चरसासाठी याच मर्यादा शंभर ग्रॅम व एक किलो आहेत. लागवडीला मात्र अशी पायरी नाही. परसातली दोन झाडेही लागवडच, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत!

पाने वगळली, म्हणजे भांग मोकळी झाली का? उत्तरेतील काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. ते पाहून आलेला पर्यटक येथेही तोच न्याय लावतो आणि फसतो. केंद्रीय कायद्याने सोडलेला हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असून, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय भांग तयार करणे, बाळगणे व सेवन करणे हा गुन्हा आहे. होळीची थंडाई त्याला अपवाद नाही.

इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 'हेम्प' उत्पादनांनी गोंधळात भर घातली आहे. भांगेच्या बियांना व त्यांच्या तेलाला अन्नपदार्थ म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली. पानांपासून बनणारी 'विजया'युक्त आयुर्वेदिक औषधे हा वेगळा वर्ग; ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. 'हेम्प' या शब्दाचाही भरवसा नाही. जुन्या इंग्रजी कागदपत्रांतील 'डेक्कन हेम्प' म्हणजे आपली अंबाडी आणि 'सन हेम्प' म्हणजे ताग. अंबाडीची भाजी खाणाऱ्याला कोणी अटक करणार नाही!

कडक बंदी ही तशी अलीकडची गोष्ट. इंग्रजी अमदानीत नगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता आणि १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने सरसकट बंदीऐवजी कर व परवाना यांचीच शिफारस केली होती. आजच्या कायद्यातही धागा व बी यांसाठी लागवडीची वाट कलम १४ ने ठेवली आहे आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये तिचा वापर केला. मात्र तेथील परवाना तेथील शेतापुरताच असतो. त्याची प्रत दाखवून मावळात बियाणे विकायला कोणी आले, तर ते पेरणारा शेतकरी कलम २० खाली आरोपी होईल.